परदेशात तेलविहिरी भारताच्या, मग सात रस्त्यावर पेट्रोल शंभरीपार का?

सोलापुरात सात रस्त्यावर उभं राहून कुणालाही विचारा, गाडीतलं पेट्रोल येतं कुठून? बहुतेकांचं उत्तर एकच असेल, पाकणीच्या डेपोतून. उत्तर चूक नाही. शहराबाहेर पुणे रस्त्याला पाकणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तिथून भरलेले टँकर पंपांवर जातात. पण पाकणीत काही तेल पिकत नाही. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर ही ५०८ किलोमीटरची पाइपलाइन मुंबईतून निघते आणि वाशी, पुण्याजवळचं लोणी, सांगली जिल्ह्यातलं हजारवाडी असं करत पाकणीला येऊन थांबते. तिच्या दुसऱ्या टोकाला आहे माहुलची रिफायनरी.

माहुलला कच्चं तेल कुठून येतं? थोडं समोरच्याच समुद्रातून, म्हणजे मुंबई हायमधून. बाकीचं जहाजांनी. देशाला लागणाऱ्या दर १०० लिटर कच्च्या तेलातलं साधारण ८८ लिटर बाहेरून आणावं लागतं. २०२४-२५ या वर्षात भारताने जवळपास २४ कोटी टन कच्चं तेल आयात केलं आणि त्याचं बिल झालं सुमारे १३७ अब्ज डॉलर.

आता यात एक गंमत आहे. सरकारी कंपन्यांनी रशियात, आफ्रिकेत, व्हिएतनामच्या समुद्रात, अबुधाबीत तेलाच्या आणि गॅसच्या साठ्यांमध्ये हिस्से घेऊन ठेवलेत. ओएनजीसी विदेश ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी. तिचे १५ देशांत ३० हून अधिक प्रकल्प आहेत. मग सरळ प्रश्न पडतो. विहिरी आपल्या, तेल आपलं, तर सात रस्त्यावरून विजापूर रोडला निघालेल्या माणसाला लिटरला शंभरच्या वर पैसे का मोजावे लागतात? आणि उद्या आखातात युद्ध पेटलं तर या विहिरी आपल्याला वाचवतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं जरा अडचणीचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी हे समजून घेऊ की विहीर 'आपली' म्हणजे काय

गावाकडे शेत बटईने देतात, तसाच हा व्यवहार. जमीन मालकाची. कसणारा आपलं बी, खत, मजुरी घालतो. पीक निघालं की ठरल्याप्रमाणे वाटणी होते. तेलात जमिनीचा मालक म्हणजे त्या देशाचं सरकार. कसणारी तेल कंपनी. बहुतेक करारांत आधी कंपनीचा खर्च निघतो, मग उरलेल्या तेलाचे वाटे पडतात. एकाच प्रकल्पात चार-पाच कंपन्या भागीदार असतात, कारण एकट्याने एवढा पैसा घालायची कुणाची तयारी नसते.

म्हणजे भारताच्या वाट्याला येतं ते तेल, विहीर नव्हे. जमीन त्यांची, कायदा त्यांचा, बंदर त्यांचं. आणि बटईत मालकाचं मन फिरलं की काय होतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

वाट्याला आलेलं तेल तरी भारतात येतं का? बऱ्याचदा नाही. रशियाच्या पूर्व टोकाला, जपानच्या डोक्यावर सखालिन नावाचं बेट आहे. तिथल्या सखालिन-१ प्रकल्पात ओएनजीसी विदेशचा २० टक्के हिस्सा आहे. तिथलं तेल मंगळूरला आणायचं तर अर्ध्या आशियाला वळसा. त्यापेक्षा ते जवळच्या जपान, दक्षिण कोरिया, चीनच्या रिफायनऱ्यांना विकलं तर चार पैसे जास्त सुटतात. कंपनीने वर्षानुवर्षं तेच केलं, आणि धंदा म्हणून ते बरोबरच आहे. व्हिएतनाममध्ये १९८८ पासून भारतीय कंपनीचा हिस्सा आहे, तिथला गॅस व्हिएतनामचीच वीज केंद्रं जाळतात.

दुसरी गोष्ट आकाराची. ओएनजीसी विदेशचं सगळं परदेशी उत्पादन, तेल आणि गॅस धरून, वर्षाला साधारण एक कोटी टनाच्या तोडीचं आहे. आयात २४ कोटी टनांची. म्हणजे जगभरातून आपल्या वाट्याचा थेंबन्‌थेंब गोळा करून आणला तरी जेमतेम पंधरा दिवसांची आयात भागेल.

आणि समजा आणलं, तरी ते फुकट किंवा लागत दराने मिळणार नाही. कंपनी ते रिफायनरीला जागतिक बाजाराच्या भावानेच विकणार. पंपावरचा भाव ठरतो तो बाजारातल्या कच्च्या तेलाच्या दरावर, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट, डीलरचं कमिशन. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा २०२० मध्ये मिळाला. कोरोनाने जग बंद पडलं, कच्चं तेल मातीमोल झालं, २० एप्रिलला तर अमेरिकी तेलाचा वायदा चक्क शून्याच्या खाली गेला. भारतात काय झालं? मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्राने पेट्रोलवर लिटरला १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. जगभर तेल कवडीमोल असताना पंपावरचा आकडा हलला नाही. तिथे विहीर कुणाच्या मालकीची, याला काय किंमत?

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. परदेशातल्या विहिरीचा आणि पंपावरच्या भावाचा थेट संबंध नाही. कधीच नव्हता.

मग हा उद्योग सुरू कशाला केला?

गोष्ट मुंबई हायच्याही आधीची आहे. १९६५ मध्ये हायड्रोकार्बन्स इंडिया नावाची कंपनी काढली गेली, इराणच्या समुद्रातल्या रोस्तम आणि रक्ष या क्षेत्रांसाठी. हीच पुढे १९८९ मध्ये ओएनजीसी विदेश झाली. इराणात १९७९ ची क्रांती झाली आणि परदेशी कंपन्यांना तिथून गाशा गुंडाळावा लागला. म्हणजे पहिल्याच धड्यात जमिनीच्या मालकाचं मन फिरणं बघून झालं होतं.

तोवर इकडे आपल्या दारात मुंबई हाय सापडलं होतं. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या जहाजाने तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकाअखेर एकटं मुंबई हाय दिवसाला चार लाख बॅरलच्या आसपास तेल देत होतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. मग ते उतरणीला लागलं. आज त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपासच निघतं आणि उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने २०२५ च्या जानेवारीत ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं. घरची विहीर आटायला लागल्यावर माणूस दुसऱ्याच्या रानात बघायला लागतो, तसं नव्वदीच्या दशकात देशाचं झालं.

खरा वेग आला तो राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना, म्हणजे १९९९ ते २००४. नाईकांचं बालपण सांगोल्याच्या शेजारच्या आटपाडीत गेलं. दुष्काळी माणदेशातला माणूस देशाच्या तेलाचा कारभार बघत होता, आणि साठवणूक आणि टंचाई हे शब्द त्या भागात पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. त्यांच्या काळात दोन मोठे व्यवहार झाले. २००१ मध्ये सखालिन-१ मधला २० टक्के हिस्सा, सुमारे १.७ अब्ज डॉलरची गुंतवणूक. त्या वेळी भारताची परदेशातली ती सगळ्यात मोठी गुंतवणूक होती. आणि २००३ मध्ये सुदान.

सुदानची कथा बघण्यासारखी आहे. तिथल्या तेल प्रकल्पात कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीचा २५ टक्के हिस्सा होता. सुदानात यादवी युद्ध सुरू होतं, तेलाच्या पैशावर ते चालतं अशी टीका होत होती, आणि उत्तर अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी, मानवाधिकार संघटनांनी टॅलिस्मनला हैराण करून सोडलं होतं. तिने हिस्सा विकायला काढला. भारताने साधारण ७५ कोटी डॉलरला तो घेतला आणि २००३ च्या मे महिन्यात सुदानी तेलाचं जहाज मंगळूरला लागलं. आपल्या मालकीचं तेल आपल्या बंदरात, हे दृश्य देशाने पहिल्यांदा पाहिलं. सखालिनचं पहिलं जहाज आलं ते २००६ च्या अखेरीला.

दोन्ही प्रकल्पांनी सुरुवातीच्या वर्षांत कंपनीला चांगला पैसा मिळवून दिला. हे मान्य करायला हवं. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. भारताला सुदान मिळालं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या व्यवहारांना हेच लागू पडतं. जगातली चांगली, शांत, स्वस्त तेलक्षेत्रं आधीच कुणाची तरी झालेली होती. उशिरा बाजारात गेलेल्याला जी भाजी उरते, ती भारताच्या पिशवीत आली.

चीन आडवा आला

बरं, चांगला माल समोर आला तर चीन उभा. २००४ मध्ये अंगोलातल्या एका समुद्री क्षेत्रातला हिस्सा शेल कंपनी भारताला विकायला तयार झाली होती. अंगोलाच्या सरकारी कंपनीने पहिल्या हक्काचं कलम पुढे केलं आणि हिस्सा चिन्यांकडे गेला. भारताने अंगोलाला रेल्वेसाठी २० कोटी डॉलर देऊ केले होते. चीनने २ अब्ज डॉलरचं कर्ज ठेवलं टेबलावर. पुढच्याच वर्षी पेट्रोकझाकस्तान ही कंपनीही चीनच्या सीएनपीसीने खेचली. कझाकस्तानच्या कशागान क्षेत्रासाठी भारताने २०१२ मध्ये ५ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. तिथल्या सरकारने २०१३ मध्ये तो हिस्सा स्वतः घेतला आणि चीनला दिला.

जे हातात आलं त्याचं काय झालं? इम्पीरियल एनर्जी हे नाव ओएनजीसीच्या गोटात आजही कुणी आनंदाने घेत नसेल. सायबेरियातल्या टॉम्स्कची ही कंपनी. सौदा जाहीर झाला २००८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे कच्चं तेल १४७ डॉलरचं शिखर गाठून महिनाच उलटला होता. व्यवहार पुरा झाला २००९ च्या जानेवारीत, सुमारे २.१ अब्ज डॉलरला. तोवर तेल ४० डॉलरच्या आसपास आलं होतं. वर जमिनीखालचा दगड इतका घट्ट निघाला की उत्पादन अंदाजाच्या जवळपासही पोचलं नाही. कॅगने २०११ च्या अहवालात या खरेदीवर कडक ताशेरे ओढले.

सुदानचे २०११ मध्ये दोन देश झाले. विहिरी बहुतेक दक्षिणेत, पाइपलाइन आणि बंदर उत्तरेत. भाड्यावरून भांडण झालं आणि २०१२ च्या जानेवारीत दक्षिण सुदानने विहिरीच बंद केल्या. पुन्हा सुरू होतात तोच २०१३ च्या डिसेंबरात तिथे यादवी पेटली. सीरियातला हिस्सा युद्धाने आणि निर्बंधांनी गिळला. व्हेनेझुएलातल्या सान क्रिस्तोबाल प्रकल्पाचा ५० कोटी डॉलरहून जास्त लाभांश वर्षानुवर्षं अडकून राहिला. इराणच्या समुद्रात फर्जाद-बी हे गॅस क्षेत्र भारतीय कंपन्यांनी २००८ मध्ये स्वतः शोधून काढलं. वाटाघाटी, निर्बंध, पुन्हा वाटाघाटी, असं करत २०२१ च्या मे महिन्यात इराणने ते आपल्याच पेट्रोपार्स कंपनीला देऊन टाकलं. शोधलं कुणी आणि नेलं कुणी.

औरंगाबादहून मोझांबिकला

आपल्याकडच्या वाचकांना एक व्यवहार विशेष ओळखीचा वाटेल. टीव्ही-फ्रीजवाली व्हिडिओकॉन, औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची. या कंपनीने आफ्रिकेत मोझांबिकच्या समुद्रातल्या रोवुमा एरिया-१ मध्ये १० टक्के हिस्सा घेऊन ठेवला होता. २०१० मध्ये तिथे गॅसचा प्रचंड साठा सापडला. टीव्हीच्या धंद्यातून आलेल्या पैशाला लॉटरी लागल्यासारखंच झालं. हा हिस्सा ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाने मिळून २.४७५ अब्ज डॉलरला विकत घेतला. शिवाय ओएनजीसी विदेशने अमेरिकेच्या अनादार्कोकडून आणखी १० टक्के २.६४ अब्ज डॉलरला. दोन्ही व्यवहार २०१४ च्या सुरुवातीला पुरे झाले. मुंबईच्या भारत पेट्रोलियमची उपकंपनी तिथे आधीपासून १० टक्क्यांची भागीदार होतीच. म्हणजे जगातल्या मोठ्या गॅस प्रकल्पांपैकी एकात ३० टक्के वाटा भारताचा.

मग २०२१ च्या मार्चमध्ये प्रकल्पाशेजारच्या पाल्मा गावावर दहशतवादी हल्ला झाला. एप्रिलमध्ये प्रकल्प चालवणाऱ्या फ्रान्सच्या टोटल कंपनीने काम थांबवलं आणि माणसं परत नेली. काम पुढे सरकायला कित्येक वर्षं गेली. दोन हिस्स्यांवर मिळून ५ अब्ज डॉलरहून जास्त मोजले आणि त्यानंतरच्या दशकभरात तिथून गॅसचं एकही जहाज निघालं नाही.

यावरून हे सगळं मूर्खपणाचं होतं असं म्हणणं सोपं आहे. पण ते खरं नाही. तेलाच्या धंद्यात दहा विहिरींतल्या चार कोरड्या जाणार हे धरूनच उतरायचं असतं. जगातल्या खाजगी तेल कंपन्यांचंही असंच होतं. आणि या हिश्श्यांचा एक खरा उपयोग आहे. तेलाचा भाव भडकला की आयातदार देशाचं कंबरडं मोडतं, पण त्याच वेळी परदेशातल्या हिश्श्याची कमाई वाढते. एका खिशातून जातं, दुसऱ्यात थोडं येतं. हा एक प्रकारचा विमा झाला. अडचण इतकीच की हप्ता भरतो देश, आणि विम्याची रक्कम जमा होते कंपनीच्या खात्यात. ओएनजीसीत सरकारचा हिस्सा ५८ टक्क्यांहून जास्त आहे, त्यामुळे लाभांशातून थोडं तिजोरीत येतं. सात रस्त्यावरच्या रिक्षावाल्यापर्यंत त्यातलं काही पोचण्याची वाट मात्र कुणी बांधलेली नाही.

२०२२ ने सगळंच उलटं करून दाखवलं

फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. सखालिन-१ चालवणारी अमेरिकेची एक्सॉन तिथून बाहेर पडायला लागली, तेल वाहणाऱ्या जहाजांना विमा मिळेना, आणि दिवसाला २ लाख २० हजार बॅरलचं उत्पादन १० हजारांवर कोसळलं. ऑक्टोबरमध्ये पुतिन यांनी फर्मान काढून प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे दिला. भारताने आपला २० टक्के वाटा टिकवला. पण रशियातल्या प्रकल्पांतून भारतीय कंपन्यांना मिळालेला कोट्यवधी डॉलरचा लाभांश तिथल्याच बँकांत अडकला, कारण पैसे बाहेर काढायचे रस्ते निर्बंधांनी बंद झाले.

आणि त्याच वेळी, त्याच रशियाकडून भारताने तेल किती घेतलं? युद्धाआधी आयातीत रशियाचा वाटा दोन टक्केही नव्हता. २०२४-२५ पर्यंत तो ३५ टक्क्यांच्या आसपास गेला. हे तेल कुठल्या मालकीच्या विहिरीतून आलेलं नव्हतं. युरोपने नाकारलेलं, सवलतीत मिळणारं, रोखीने घेतलेलं बाजारातलं तेल होतं. ज्या देशात आपली मालकी होती तिथला नफा अडकून पडला, आणि मालकी नसलेलं तेल धोधो आलं. तेलसुरक्षा म्हणजे मालकी, हे समीकरण इथे उघडं पडलं.

अर्थात त्या स्वस्त तेलाचंही बिल आलं, आणि ते वेगळ्याच पत्त्यावर आलं. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचा आयात कर ५० टक्क्यांवर नेला. त्यातला अर्धा रशियन तेल घेतलं म्हणून. या यादीत कापड आणि टॉवेल होते. सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशात जातात, अमेरिकेतही जातात. म्हणजे तेल घेतलं रिफायनऱ्यांनी, सवलत जमा झाली त्यांच्या ताळेबंदात, पंपावरचा भाव होता तिथेच राहिला, आणि दंड बसला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालवणाऱ्याला. तेलाचं राजकारण आपल्याशी संबंधित नाही असं वाटणाऱ्या सोलापूरकराने एवढं एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुरे. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने रोसनेफ्ट आणि लुकॉइल या दोन मोठ्या रशियन कंपन्यांवरही निर्बंध घातले. रोसनेफ्ट ही सखालिन-१ मधली भारताची जुनी भागीदार.

उजनी भरलंय, पण नळाला पाणी कधी?

दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. उद्या खरंच रस्ता बंद झाला तर?

२०२५ च्या जूनमध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं तेव्हा हा प्रश्न कागदावरचा राहिला नव्हता. २२ जूनला इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याला पाठिंबा दिला. जगात रोज जेवढं तेल वापरलं जातं त्याचा साधारण पाचवा हिस्सा या एका चिंचोळ्या वाटेने जातो. इराक, सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, सगळे भारताचे जुने पुरवठादार याच वाटेवर. २०१८ मध्ये भारतीय कंपन्यांनी अबुधाबीच्या लोअर झाकुम क्षेत्रात ६० कोटी डॉलर देऊन ४० वर्षांसाठी १० टक्के हिस्सा घेतला. जवळचं आणि शांत देशातलं असं हे क्षेत्र, आणि हा व्यवहार आतापर्यंतच्या चांगल्या सौद्यांत मोजायला हरकत नाही. पण ते होर्मुझच्या आतल्या बाजूला आहे. वाट बंद झाली तर मालकीचं तेल आणि विकतचं तेल, दोन्ही एकाच फाटकामागे.

हे सोलापूरकराइतकं लवकर कुणाला कळणार नाही. ११७ टीएमसीचं उजनी धरण याच जिल्ह्यात. पावसाळ्यात ते शंभर टक्के भरल्याच्या बातम्या येतात. आणि शहरात नळाला पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड. धरण आपलं, पाणी आपलं, अडतं ते वाहून आणणाऱ्या वाहिनीत आणि साठवणाऱ्या टाक्यांत. म्हणून घराघरात हौद, सिंटेक्सच्या टाक्या, पिंपं. पाणी कुणाच्या मालकीचं, हा वाद सोलापूरची बाई घालत बसत नाही. टाकी किती दिवस पुरेल, एवढं तिला पक्कं माहीत असतं.

देशाच्या तेलाचा हौद किती मोठा आहे? विशाखापट्टणमला १३.३ लाख टन, मंगळूरला १५ लाख टन आणि उडुपीजवळ पादूरला २५ लाख टन. जमिनीखाली खडकात कोरलेल्या प्रचंड गुहा आहेत या. तिन्ही काठोकाठ भरल्या तर देशाची साडेनऊ दिवसांची गरज भागते. रिफायनऱ्या, डेपो, पाइपलाइन यांत तेल कंपन्यांकडे असलेला साठा धरून सरकार ७४ दिवसांचा आकडा सांगतं. विकसित देशांच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा दंडक ९० दिवसांच्या निव्वळ आयातीचा आहे. शिवाय कंपन्यांकडचा साठा हा रोजच्या धंद्यातला, येता-जाता माल. हक्काचा हौद साडेनऊ दिवसांचाच.

या हौदाने एकदा आपली किंमत वसूल करून दाखवली आहे. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तेल १९ डॉलरच्या आसपास मिळत असताना सरकारने या गुहा भरून घेतल्या आणि त्यात ५ हजार कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं. जागा आणखी असती तर आणखी भरलं असतं.

आता एक हिशोब. तिन्ही गुहांत मिळून साधारण ३ कोटी ९० लाख बॅरल तेल मावतं. ७० डॉलरचा भाव धरला तर त्या पूर्ण भरायला सुमारे पावणेतीन अब्ज डॉलर लागतील. मोझांबिकच्या त्या दोन हिश्श्यांवर याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम गेली. साठ्यातलं तेल व्याज देत नाही, पडून राहतं, आणि अर्थमंत्र्यांना पडून राहणारा पैसा आवडत नाही हे खरं. परदेशातला हिस्सा चालला तर कमाई देतो. पण मग त्याला कमाईचं साधन म्हणावं. त्याच्या फायद्यातोट्याचा हिशोब गुंतवणूक म्हणून मागावा. देशाची सुरक्षा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं की तोटा विचारायची सोयच उरत नाही, आणि इम्पीरियलच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

खऱ्या सुरक्षेची दुसरी अर्धी बाजू सात रस्त्याच्या नावातच आहे. एक रस्ता खोदून ठेवला तर माणूस दुसऱ्याने जातो. भारत आज रशिया, इराक, सौदी, अमिराती, अमेरिका, पश्चिम आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा कितीतरी ठिकाणांहून तेल घेतो आणि आपल्या रिफायनऱ्या जाड, गंधकयुक्त, कसंही तेल पचवू शकतात. २०२२ मध्ये रशियन तेलाकडे झटकन वळता आलं ते या ताकदीमुळे. उसापासूनचं इथेनॉल हाही असाच एक छोटा रस्ता, आणि त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचा हात आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने गाठला. जुन्या गाड्यांचे मालक त्यावर काय म्हणतात तो वेगळा विषय.

एक रस्ता आपल्याच राज्यात अर्धवट राहिला. २०१८ मध्ये सौदी आरामको आणि अबुधाबीच्या अॅडनॉकने रत्नागिरीत वर्षाला ६ कोटी टनांच्या रिफायनरीत ५० टक्के भागीदारीचे करार केले. आपण त्यांच्या विहिरीत पैसे घालण्याऐवजी त्यांनी आपल्या रिफायनरीत घालायचे, म्हणजे तेल पुरवण्याची गरज त्यांनाही राहील, अशी ही उलटी कल्पना. विहीर विकत घेण्यापेक्षा ती जास्त शहाणपणाची होती. पण नाणारच्या लोकांना आंबा, काजू आणि मासेमारीची काळजी होती, ती दूर करण्यात सरकार अपयशी ठरलं आणि २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. २०२३ मध्ये जवळच बारसूला माती परीक्षण सुरू होताच पुन्हा तोच संघर्ष उभा राहिला.

साठ्याच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२१ च्या जुलैत मंजुरी दिली. ओडिशात चंडीखोलला ४० लाख टन आणि पादूरला आणखी २५ लाख टन. पण या गुहा एकट्या सरकारी पैशातून होणार नाहीत, खाजगी भागीदार त्या बांधणार आणि चालवणार. संकट सुरू झालं की तेलावर पहिला हक्क सरकारचा, अशी अट त्यात आहे. एरवीच्या दिवसांत आत किती तेल ठेवायचं, हे त्या भागीदाराच्या धंद्याच्या हिशोबावरही ठरणार आहे.